बिनऔषधाचे एक्केचाळीस माड

माड जगले म्हणून कोणी रडलं, असं कोकणात सांगायला जावं तर लोक सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील. पण दर्शना खवणेकर रडली. तीही विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात, भर सकाळी साडेअकराला, संगणकासमोर बसून.

पडद्यावर दोनच ओळी होत्या. औषध दिलेले माड तीनशे बारा, त्यांतले जिवंत दोनशे एक्क्याण्णव. औषध न दिलेले माड एक्केचाळीस, त्यांतले जिवंत चाळीस.

पहिली ओळ पेढे वाटावेत अशी होती. दुसरीनं तिच्यावर बोळा फिरवला. बिनऔषधाचे माडही तितकेच जगत असतील, तर औषध हवंय कुणाला? सात वर्षांचं काम होतं ते, आणि आठ दिवसांनी मंजुरी समितीसमोर हेच आकडे ठेवायचे होते.

मानमोडी किनाऱ्यावर आली त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. जुन्या लोकांनी तापाच्या एका साथीला दिलेलं हे नाव, माडांच्या रोगाला आपसूक चिकटलं. आधी कोवळी बोंडं गळतात, मग खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात आणि दोनेक महिन्यांत शेंडा एका अंगाला कलंडतो. रोग शिरलेल्या बागेत दहांतले सात माड जातात. हा जंतू माडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत दडून राहतो, तिथं कुठलीही फवारणी पोचत नाही. एका माडातून दुसऱ्यात त्याला नेतो तो तांदळाच्या कणीएवढा एक तुडतुडा.

बाकीचे शास्त्रज्ञ जंतूच्या मागे लागले होते. दर्शना तुडतुड्याच्या मागे लागली. तुडतुड्याच्या आतड्यात एक प्रथिन असतं, आणि त्याच दारानं जंतू आत शिरून त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. ते प्रथिन बनवणारा जनुक गप्प बसवला की दार बंद. त्यासाठी आरएनएचा एक लहानसा तुकडा पुरतो. हा तुकडा माडानंच तयार करावा म्हणून तिनं तो एका निरुपद्रवी विषाणूवर बसवला. विषाणूचं पाणी शेंड्यात, पानांच्या बेचक्यात ओतायचं. तो कोंबात घर करतो आणि दोन वर्षं तो तुकडा अन्नरसात सोडत राहतो. तुडतुडा रस पितो, जगतो, उडतो, पण जंतू पोचवू शकत नाही. टपालवाला धडधाकट, पिशवी मात्र फाटकी, असं ती व्याख्यानात सांगायची आणि लोक हसायचे.

आता औषध लागू पडलं, हे ठरवायचं कसं? सर्दी औषधानं सात दिवसांत बरी होते आणि बिनऔषधाची एका आठवड्यात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मानमोडीचंही तसंच होतं, एखाद्या वर्षी ती काही कारण नसताना ओसरायची. म्हणून काही माड तुलनेसाठी बिनऔषधाचे ठेवायचे, आणि तेही अशा जागी की जिथं औषध प्यालेला तुडतुडा उडून जाणार नाही. तशा तीन बागा निवडल्या होत्या. त्यांतल्या दोन बागांत पहिल्याच वर्षी उधाणाचं खारं पाणी शिरलं आणि त्या बाद झाल्या. उरली ती पाणजुव्याची. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. पाणजुव्यावर एकच घर आणि एकच बाग होती, आणि ती दर्शनाच्या बापाची होती.

लवू खवणेकर पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा पिढीजात धंदा. चौसष्टाव्या वर्षीही तो पायात काथ्याचा फास अडकवून असा वर जायचा की खाली उभ्या माणसाची मान दुखावी. पाच गावांतल्या तीनशे बारा माडांच्या शेंड्यात औषध ओतलं ते त्यानंच. लेकीच्या प्रयोगात बाप नोकर, असं लोक चिडवायचे. तो म्हणायचा, "चाकरी कोणाची? चेडवाची मा? मगे तुमच्या पोटात कित्याक दुखता?"

दोन वर्षांपूर्वी दर्शनानं त्याला ओट्यावर बसवून विचारलं होतं.

"बाबानू, आपल्या बागेक औषध देवचा नाय. चलात?"

"मगे माड मरतले?"

"बरेचशे."

लवू खाडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुका व्हये आसत मा? मगे घे."

एवढंच. पुढं त्यानं तो विषय काढला नाही, आणि तिनंही नाही.

आकडे बघून रडून झाल्यावर दर्शनानं डोळे पुसले आणि शीतपेटीतले पाणजुव्याच्या पानांचे नमुने बाहेर काढले. प्रत्येक माडाला क्रमांक होता. एक्केचाळीस नमुने तिनं स्वतः तपासले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस लागले. चाळीस नमुन्यांत काही नव्हतं. सतराव्यात तिनंच बनवलेला आरएनएचा तुकडा होता, भरपूर.

सतरा नंबरचा माड विहिरीच्या काठाला होता. दर्शनाची आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं तो लावला होता. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी ती होडीनं जुव्यावर गेली. लवू अंगणात नारळ सोलत बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला.

"काय गो बाय, आज अशी अवचित इलंस? बघलंस मा? चाळीस उभे आसत. रोग आपल्या जुव्याक भियालो."

"बाबानू, सतरा नंबराच्या माडात काय घातलात?"

लवूनं हातातला नारळ खाली ठेवला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती, आणि लेकीशी तर नव्हतीच.

"तुज्या आवशीचो माड तो."

"माका म्हायत आसा. काय घातलात?"

"बाटलयेच्या तळाक चमचोभर उरता. तू म्हणालंस, बाटलयो जाळूक परत देवा. चांगला औषध जाळूचा? पाडेल्याक ता जमता काय? थोडा थोडा साठयलंय आणि एका माडाक घातलंय. एकाकच, बाय. चाळीस तुका दिलंय मा?"

दर्शना पायरीवर बसली. त्याच्यावर रागवावं असं तिच्या मनात आलं, पण त्या 'चाळीस तुका दिलंय'पुढं तिचा राग टिकेना. बापानं खरोखरच हिशेबानं पाप केलं होतं. एक ठेवला होता आणि चाळीस देऊन टाकले होते. पण शास्त्राला तेवढा एकही चालणार नव्हता.

तिनं त्याला समजावून सांगितलं. चमचाभर औषध एका माडाला पुरतं, कारण पुढचं माड स्वतःच बनवतो. त्या माडाचा रस प्यालेले तुडतुडे तर निकामी होतातच, पण त्यांच्या पिलांतही तो परिणाम एकदोन पिढ्या उतरतो. जुवा लहान, चारी बाजूंनी पाणी, बाहेरचा तुडतुडा क्वचितच येणार. वर्षभरात जुव्यावरचे झाडून सगळे तुडतुडे सतरा नंबरावर जेवून गेले होते. त्या एका माडानं एकोणचाळीस माड राखले होते.

"मगे बराच झाला की," लवू म्हणाला. "एका चमच्यान सगळी बाग रवली. तुजा औषध तू समाजतंस त्येच्यापेक्षा चांगला आसा."

ते खरंच होतं. दर चाळीस माडांमागं एकाला औषध दिलं तरी भागेल, हे शोधायला एखाद्या प्रयोगशाळेनं पाच वर्षं घालवली असती. पाडेल्यानं ते उरल्यासुरल्या औषधावर करून दाखवलं होतं. दर्शनाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा रडू आलं.

"कागदार ता असा दिसना नाय, बाबानू. कागदार दिसता, औषध नाय तरी माड जगतत. समिती औषध फेकून देतली. मगे आख्ख्या किनाऱ्याचे माड जातले."

 लवू उठून विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

विभागप्रमुख खासनीस सरांना दर्शनानं सगळं खरं सांगितलं. सर पुण्याचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि बोलणं तोलूनमापून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सतरा नंबर वगळून बाकीचे चाळीस तसेच ठेवले तर?"

"तेही त्याच्यामुळंच जगलेत, सर. आणि गप्प बसले तर औषध नापास होतं. बोलले तर प्रयोग बाद."

"धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं," सर म्हणाले. "दुसरी बाग घेऊन नव्यानं सुरू करता येईल?"

"निरोगी आणि वेगळी राहिलेली दुसरी बाग नाही. या वर्षी रोग देवगडपर्यंत पोचलाय. नवा प्रयोग उभा करायला तीन वर्षं लागतील, तोवर वाचवायला माड उरणार नाहीत."

 पुढची गोष्ट दोघांनाही दिसत होती आणि ती तोंडानं म्हणायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी सरांनीच म्हटली. सतरा नंबर काढून टाकला, तर तुडतुड्यांच्या दोनतीन पिढ्यांत, म्हणजे चार महिन्यांत, औषधाचा परिणाम जुव्यावरून पुसला जाईल. मग पाणजुवा पुन्हा खरीखुरी बिनऔषधाची बाग होईल. एक हंगाम वाढवून मागायचा, समितीला सगळं लेखी कळवायचं आणि बाहेरचा निरीक्षक ठेवायचा. माड मेले, तर औषध सिद्ध होईल.

"तुम्ही यातून बाजूला व्हा," सर म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाला पाठवतो. मुलीनं बापाकडे हे मागायला जाऊ नये."

"पहिल्यांदा मीच मागितलं होतं, सर."

ती जुव्यावर गेली तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. लवू ओट्यावर बसून झावळीचा हीर काढत होता. ती समोर बसली, पाणी प्याली, खाडीतल्या कालवांबद्दल काहीतरी बोलली, शेजारगावच्या कुणाच्या लग्नाबद्दल बोलली. लवू ऐकत राहिला.

"इचारूक इलंस मा?" तो म्हणाला. "इचार."

तिला विचारता येईना. लवूला ते दिसत होतं.

"सतरावो तोडूचो?"

"होय."

"आणि बाकीचे?"

"ते असेच ठेवूचे. रोग येतलो."

लवूनं हातातला हीर मोडून खाली टाकला. "मी किती माडार चढलंय माका म्हायत नाय. ह्या खाडयेच्या दोनी अंगाक पाडेली म्हणान फिरलंय, चाळीस वर्सां. लोकांच्या माडांनी माका जेवूक घातलानी. माजे एकेचाळीस." त्यानं बागेकडे हात केला. "मी नाय कसा म्हणू? तूच सांग, कसा म्हणू?"

तिला वाटलं, त्यानं नाही म्हणावं. पुढं कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की तेव्हा त्यानं नाही म्हणायला हवं होतं.

"पण परक्याचो हात नको," तो म्हणाला. "मीच तोडतलंय."

माडाला कोंब एकच असतो. आंब्याची फांदी तोडली तर बाजूनं धुमारे फुटतात. माडाची सगळी वाढ शेंड्यातल्या त्या एका गाभ्यातून होते, आणि तो काढला की खोड कितीही मजबूत असो, माड संपला. औषधाचा विषाणूही त्याच गाभ्यात राहतो. म्हणून बुंधा तोडण्याची गरज नव्हती, शेंडा काढला की पुरे होतं.

ठरल्या दिवशी समितीचे निरीक्षक आले. श्री. ओगले, सज्जन गृहस्थ, होडीत बसायला घाबरलेले. लवूनं त्यांना शहाळं दिलं, माडाला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढला. आधी जून झावळ्या आल्या, मग नारळांचे घड, मग पोय, म्हणजे माडाचा फुलोरा. प्रत्येक वेळी तो वरून हाळी द्यायचा आणि खालची माणसं बाजूला व्हायची. शेवटी कोयत्याचे बारीक बारीक घाव ऐकू आले, आणि बऱ्याच वेळानं तो गाभा कमरेला बांधून खाली उतरला. पांढराशुभ्र, हातभर लांब होता तो.

माड पडला की त्याचा गाभा वाटून खातात. दुधासारखा गोड असतो, आणि वर्षानुवर्षं खायला घातलेल्या झाडाचा तो शेवटचा घास म्हणून घरातलं कुणी चुकवत नाही. लवूनं सवयीनं कोयत्याच्या टोकानं एक फोड काढली आणि दर्शनापुढं धरली.

"खा. तुज्या आवशीच्या माडाचो."

ओगले खाकरले. दर्शनाच्या हातात नमुन्याची पिशवी होती. औषधाचा माड, त्याचा कणही बाहेर ठेवायचा नाही, सगळा मोजून सीलबंद करायचा आणि प्रयोगशाळेत जाळायचा. हा नियम तिनंच लिहिला होता.

"बाबानू, ह्या खावक मिळूचा नाय. माकाय नाय आणि तुमकाय नाय."

लवूनं फोड पिशवीत टाकली. कोयता पुसला, उरलेला गाभा पिशवीत ठेवला आणि हाताला चिकटलेला चुराही झटकून तिच्या पिशवीत टाकला. मग विचारलं, "झाला मा?"

"झाला," ती म्हणाली.

पुढं हंगामभर दर पंधरवड्याला दर्शना जुव्यावर यायची. ओगले बरोबर असायचे. चार महिने काही झालं नाही आणि तिच्या मनात भलतीच आशा उगवली, की निदान ही बाग तरी सुटेल. औषध नापास झालं तरी चालेल, असंसुद्धा तिला एकदोनदा वाटलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग पौषात पाच नंबरची बोंडं गळली. पंधरा दिवसांनी नऊ माडांच्या झावळ्या पिवळ्या होत्या. त्यानंतर ती प्रत्येक फेरीला मोजायची, आणि लवू वर चढून शेंडा हलवून बघायचा. तो खाली येऊन गेलेल्या माडांचा नुसता आकडा सांगायचा. बावीस. तीस. तेहतीस. ती लिहून घ्यायची.

सुरुवातीला लवू तिला जेवायला थांबवायचा. ताटात तिच्या आवडीची सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी असायची. पुढं पुढं तो म्हणायला लागला, होडी उभी आहे, भरती उतरेल, तुम्ही निघा. ओगल्यांसमोर तो असं बोलतो, असं तिनं स्वतःला समजावलं.

हंगाम संपला तेव्हा पाणजुव्यावर सहा माड जिवंत होते, आणि त्यांतल्या चारांची पानं पिवळी पडली होती. खाडीपलीकडच्या औषध दिलेल्या तीनशे बारांपैकी दोनशे शहाऐंशी उभे होते. इतका स्पष्ट निकाल समितीतल्या कुणी पाहिला नव्हता. बैठक वीस मिनिटांत संपली. चाळीस माडांमागं एकाला औषध पुरेल, ही गोष्ट अहवालात 'आकस्मिक निरीक्षण' म्हणून नोंदवली गेली. ती कुणाच्या हातून घडली, त्याचं नाव नव्हतं. त्या वर्षी वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत पाडेल्यांना सोन्याचे दिवस आले. मानमोडी ओसरली. दर्शनाला पुरस्कार जाहीर झाला आणि वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला.

ती बातमी घेऊन ती एकटीच जुव्यावर गेली. या वेळी ओगले नव्हते, पिशवी नव्हती, वही नव्हती. होडीतून उतरली तर समोर उघडं आभाळ. जिथं लहानपणी दुपारचंही ऊन जमिनीला लागत नसे, तिथं घराच्या कौलांपर्यंत ऊन पसरलं होतं, आणि मधे नुसते खांब उभे होते.

लवू पडवीत बसला होता. पाच गावांतून औषधासाठी बोलावणं येऊनही तो गेला नव्हता, हे तिला होडीवाल्याकडून कळलं होतं. त्यानं खुर्ची पुढं सरकवली, तांब्याभांडं आणून ठेवलं. ती खुर्चीवर न बसता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. किती गावं, किती माड. तो मान डोलवत होता.

"बरा झाला," तो म्हणाला. "लय बरा झाला."

"बाबानू, माझ्यावांगडा चला. क्वार्टर मोठा आसा. हय एकटे कित्याक रवतात?"

 तिनं त्याचा हात धरला. हाताला चाळीस वर्षांच्या माडांचे घट्टे होते.

"तुजा काय चुकला नाय," तो म्हणाला. "ता मी कोणाकय सांगान. मी तुज्या जागेर असतंय तर ह्याच केलं असतंय. माका तुजो राग नाय, बाय, देवाशपथ नाय." त्यानं हात हळूच सोडवून घेतला. "पण तू होडयेतसून उतरतस, तेवा माका वाटता, आता ही खयचो माड मोजूक इली. हय मोजूक काय उरला नाय, तरी वाटता.  चेडू घराक इला की बापाशीक असा वाटूक नये."

दर्शनानं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं.

"थोडे दिवस येव नको," लवू म्हणाला.

"कितके दिवस, बाबानू?"

तो तिच्याबरोबर धक्क्यापर्यंत आला. ती होडीत बसली, आणि होडी पाण्यात ढकलायला तो स्वतः गुडघाभर चिखलात उतरला.

"ता माका सांगाक येना नाय," तो म्हणाला आणि त्यानं होडी ढकलली.